मजुरी वगळून बटाटा

दुबईतल्या ज्या कंपनीत मी नोकरी करत होते, ती बागा लावायची. नव्या व्हिलांसमोरची हिरवळ, हॉटेलांच्या दारातली खजुराची झाडं, रस्त्याच्या दुभाजकावरची फुलं. मी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून शिकलेली, म्हणून नर्सरी माझ्याकडे होती. ऑफिस आणि गोडाऊन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, आमचा फ्लॅट इंटरनॅशनल सिटीत, नवरा देऱ्यात एका विमा एजन्सीत. दोन पगार आणि शाळेत जाणारी एक मुलगी. दोन हजार आठ संपता संपता क्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि बिल्डरांनी सगळ्यात आधी काही बंद केलं असेल तर ती बाग. अर्धवट घराला लोक घर म्हणतात, अर्धवट बागेला कुणी काही म्हणत नाही.

आमचा शेठ उत्तरेकडचा, आपल्याच देशाचा. एका जुन्या पिकअपवर कुंड्या विकत त्याने सुरुवात केली होती, आणि ते तो सगळ्यांना सांगायचा. त्याला आवाज चढवताना मी कधी पाहिलं नाही. कुणाला काढायचं असलं की तो त्याला केबिनमध्ये बसवून चहा मागवायचा. त्या वर्षी केबिनकडे चहाचा ट्रे निघाला की बाहेरची माणसं कॉम्प्युटरमध्ये डोकं घालत.

माझ्यासाठी ट्रे आला तो पुढच्या उन्हाळ्यात. नवऱ्याचा पगार तोवर निम्मा झाला होता. मी मनातल्या मनात शाळेच्या फीचा विचार करत केबिनमध्ये गेले. शेठने माझ्याकडे कप सरकवला आणि विचारलं, "मॅडम, आलू कभी लगाया है?"

लावला होता. कॉलेजात असताना मंचरकडच्या प्लॉटवर दोन हंगाम मी बटाट्यात घालवले होते. मी हो म्हटलं.

शेठने सांगितलं ते असं. धैदच्या बाजूला एका अरबाचं शेत होतं. त्याच्या बंगल्याची बाग आम्ही केली होती आणि त्याच्याकडे द्यायला पैसे नव्हते. पैशांऐवजी त्याने शेत दिलं, काही वर्षं वापरा म्हणून. आमच्याकडे पंप होते, पाइप होते, ट्रक होता, सगळं गोडाऊनमध्ये पडून. "बटाटा इथे रोज लागतो," शेठ म्हणाला. "हॉटेलं बंद पडतील, पण बटाटा खाणं कोण बंद करेल? तुम्ही हिशोब काढा."

मी आठवडाभर खपून हिशोब काढला. बटाट्यात सगळ्यात महाग असतं ते बियाणं, आणि इथे ते हॉलंडहून थंड कंटेनरमधून आणायचं. विहिरीचं पाणी खारट, म्हणजे ते गोडं करायचं यंत्र आणि त्यासाठी डिझेलचा जनरेटर. वाळूत काही टिकत नाही, खत आज घातलं की उद्या खाली निघून जातं, म्हणून थोडं थोडं पाण्यातून रोज द्यायचं. मग पोती, वाहतूक, बाजारातली दलाली. आणि मजुरी. सगळं मिळून आमचा किलो पावणेदोन दिरहमला पडत होता, म्हणजे जवळपास तेवीस रुपये. अवीरच्या घाऊक बाजारात पाकिस्तानचा बटाटा दीडच्या आत मिळत होता, आणि मार्चमध्ये इजिप्तचा नवा माल उतरला की त्याहून खाली.

शेठने कागद शांतपणे वाचला. मी म्हटलं, "सर, जमत नाही. किलोमागे तोटाच आहे."

त्याने पेन काढलं आणि मजुरीच्या ओळीवर आडवी रेघ मारली. "लेबर तो अपना ही है ना, मॅडम."

"पण त्यांचा पगार?"

"पगार तो वैसे भी रुका हुआ है."

मग त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. मी बेरीज केली. नफा येत होता. फार नाही, पण येत होता. शेठ म्हणाला, "देखा? हो गया." आणि त्याने खरोखर समाधानाने चहाचा घोट घेतला.

आमच्याकडे तेव्हा चाळीसेक माळी उरले होते. तेलंगणातले, बिहारमधले, काही नेपाळी, काही बांगलादेशी. कित्येक महिने त्यांना जेवणापलीकडे काही मिळालं नव्हतं. पासपोर्ट शेठच्या कपाटात. निघून जायचं तर थकलेला पगार सोडून जायचा, आणि गावी कर्ज काढून आलेल्या माणसाला ते जमत नाही. जितका पगार जास्त थकेल तितका माणूस घट्ट बांधला जातो, हे शेठला माझ्या आधी कळलं होतं. मी घरी हे सांगितलं तेव्हा आमची मुलगी पोळीचा घास हातात धरून म्हणाली, "बट व्हाय डोन्ट दे जस्ट गो होम, आई?" नवऱ्याने तिला गप्प जेवायला सांगितलं.

या चाळीस जणांवर एक फोरमन होता. रायगडचा, श्रीवर्धनकडचा, पन्नाशीचा, मेंदी लावून दाढी लाल केलेला. शेठची ती पहिली पिकअप हाच चालवायचा. अठरा वर्षं तो शेठबरोबर होता, आणि या देशात नोकरी सोडताना जितकी वर्षं तितक्या हिशोबाने जी रक्कम मिळते, तिच्यावर त्याची सगळी गणितं होती. पुढच्या वर्षी कायमचं घरी जायचं, बंदराजवळ दोन गाळे घ्यायचे, दोन मुलगे, एकेकाला एकेक. मी त्याच्याहून पुष्कळ लहान, तरी मला तो ताई म्हणायचा.

"शेठ मानूस वाईट नाय, ताई," तो म्हणायचा. "आज त्याच्याकडं नाय. बटाटा निघाला का सगल्यांचं देनार. माज्यासमोर बोललाय."

त्याचा यावर विश्वास होता आणि म्हणूनच तो मजुरांशी फार वाईट वागला. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे त्याचं जे झालं ते ऐकून लोक त्याला साधा भोळा समजतात. तो तसा नव्हता. ऑक्टोबरच्या शेवटी, ऊन जरा उतरल्यावर, आम्ही लागवड सुरू केली. सरी पाडायची, बियाणं वीतभर अंतरावर ठेवायचं, दोन्ही बाजूंनी वाळू ओढून वरंबा करायचा. फोरमनच्या हातात ठिबकच्या काळ्या पाइपचा एक तुकडा असायचा. कुणी बसलेलं दिसलं की तो पाठीवर मारायचा. एका नेपाळ्याला मी माझ्यासमोर मार खाताना पाहिलं. त्याचा गुन्हा एवढाच की त्याने पाणी मागितलं होतं आणि पाण्याची वेळ झाली नव्हती.

मी फोरमनला बाजूला घेतलं. "तुम्ही हे बंद करा. हे पगाराशिवाय राबताहेत."

"मी बी पगाराशिवाय राबतोय," तो म्हणाला. "पीक नाय आलं तर यांचं बी बुडंल न माजं बी. मग कुनाच्या नावानं रडायचं?"

मी शेठकडे तक्रार केली. शेठने ऐकून घेतलं, मान हलवली आणि फोरमनला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

पीक मात्र आलं. दोन महिन्यांत वाळूवर गुडघाभर हिरवा पाला उभा राहिला. शेजारच्या शेतावरचे पठाण बघायला यायचे. शेठ शुक्रवारी पाहुण्यांना घेऊन यायचा, पाल्यात उभा राहून फोटो काढायचा. वाळवंटात बटाटा. माझीही तो ओळख करून द्यायचा, "आमच्या मॅडम, पुण्याच्या."

जानेवारीत वारा सुटला. तीन-चार दिवस वाळू उडत होती, समोरचा माणूस दिसत नव्हता. वारा थांबल्यावर गेलो तर वरंबे अर्धे उडून गेलेले आणि बटाटे उघडे पडलेले. बटाट्याला ऊन लागलं की तो हिरवा होतो, आणि हिरव्या बटाट्यात विष तयार होतं. उकडून, तळून ते जात नाही. मी उघडे बटाटे काढून टाकायला सांगितले आणि बाकीच्यांवर पुन्हा वाळू चढवून घेतली. काढलेल्याची सात-आठ पोती भरली. ती खड्ड्यात पुरा, असं मी फोरमनला बजावून घरी आले.

शेठला पोती दिसली. ती पुरायची आहेत हे ऐकून तो हसला. आचाऱ्याला त्याने सांगितलं, साल जाड काढा आणि मेसमध्ये वापरा. मजुरांच्या मेसमधली डाळ आणि तांदूळ त्याने त्या आठवड्यापुरते बंद केले, कारण घरचा बटाटा असताना बाजारातून आणायचं कशाला. एवढ्यावर तो थांबला नाही. त्या बटाट्यांची बाजारभावाने किंमत लावून ती प्रत्येकाच्या थकलेल्या पगारातून वळती करायला त्याने अकाउंटंटला सांगितलं. जो पगार द्यायचाच नव्हता, त्यातून. अकाउंटंटने मला हे कँटीनमध्ये सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी शेतावर गेले तर कामावर निम्मी माणसं. बाकीची राहायच्या शेडमध्ये पोट धरून पडलेली. ओकाऱ्या, जुलाब, डोकं गरगरतंय. वास दारापर्यंत येत होता. पाणी मागितलेला तो नेपाळी भिंतीशी आडवा होता, हाक मारली तरी नीट उत्तर देत नव्हता. मी आचाऱ्याला विचारलं, त्याने पोत्याकडे बोट दाखवलं.

मी फोरमनला म्हटलं, "मी पुरायला सांगितलं होतं."

"शेठनी सांगितलं सालं जाड काढा म्हनून."

"तुम्ही खाल्लेत का?"

तो आचाऱ्याबरोबर वेगळं जेवायचा.

मी ट्रकड्रायव्हरला गाठलं आणि सगळ्यात वाईट अवस्थेतल्या सहा जणांना हॉस्पिटलात नेलं. वाटेत शेठचा फोन आला. "मॅडम, हॉस्पिटल जाने की क्या ज़रूरत थी? डॉक्टर पूछेगा तो क्या बोलेंगे?" मी म्हटलं, "जे खाल्लं ते सांगेन." त्याने फोन ठेवला. सहाही जण वाचले. नेपाळ्याला सलाइनवर दोन दिवस राहावं लागलं. हॉस्पिटलचं बिल त्याच्या नावावर लावलं गेलं.

यानंतर माणसं कामावर जाईनात. शेडबाहेर सावलीत बसून राहिली, शिवी नाही, घोषणा नाही. शेठ स्वतः आला. त्याने बटाट्याचं एक झाड उपटून त्यांना दाखवलं, मुळाशी मुठीएवढे सहा-सात बटाटे लटकत होते. "ये तुम्हारा पगार है," तो म्हणाला. "निकालो और ले जाओ." लोकांनी त्या बटाट्यांकडे बराच वेळ पाहिलं. मग एकेक उठला.

खरं तर काढणीला अजून दोन-अडीच आठवडे होते. आधी पाला कापायचा, पाणी तोडायचं आणि बटाटा जमिनीतच राहू द्यायचा. त्या दिवसांत त्याची साल पक्की होते. कोवळ्या सालीचा बटाटा हात लागला तरी सोलतो, आणि सोललेला बटाटा गरमीत काळा पडतो. मी हे शेठला लेखी दिलं, तोंडी सांगितलं, एक बटाटा त्याच्या टेबलावर अंगठ्याने घासून साल निघाली ती दाखवली.

"इजिप्तचा माल जहाजात चढलाय," तो म्हणाला. "तो उतरला की आपला भाव गेला. यल्ला, उद्या काढा."

मग काढला. घाईघाईने, फावड्यांनी, हाताला लागेल त्याने. पोती ट्रकमध्ये फेकली जात होती. मी पोती अलगद ठेवा म्हणत फिरत होते, फोरमन जल्दी जल्दी म्हणत फिरत होता, आणि लोक साहजिकच त्याचं ऐकत होते. पीक मोजलं तर माझ्या अंदाजापेक्षा जास्त होतं. त्या वाळूत तेवढा बटाटा काढला याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि तो वाटतो याची लाजही वाटत नाही. बटाट्याने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

पहिला ट्रक बाजारात गेला तेव्हा मी बरोबर होते. दलालाने एक पोतं उघडलं, हात घातला, सालीचे पापुद्रे बोटांना चिकटून आले. त्याने ते शर्टाला पुसले. "हबीबी, ये तो बीमार है," तो म्हणाला आणि किलोला साठ फिल्स बोलला. शंभर फिल्सचा दिरहम, म्हणजे आठ रुपये. एक दिरहम पंचाहत्तरला पडलेला माल साठ फिल्सला. दुपारपर्यंत थांबलो. ऊन चढलं तशी पोती ओली व्हायला लागली आणि तोच माणूस चाळीसवर आला. शेठने फोनवर दे म्हणून सांगितलं.

आता मजुरी वगळूनही तोटा होता.

बाकीचा माल विकायला रोज फोरमन ट्रकबरोबर जात होता. त्याच आठवड्यात त्याने शेठला गाठून सांगितलं की हंगाम संपला, आता माझा व्हिसा कॅन्सल करा, माझा हिशोब द्या, मला घरी जायचंय. केबिनचं दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं. शेठ उठून उभा राहिला, त्याने फोरमनला मिठी मारली. "तू तो भाई है मेरा. अगले हफ्ते, इन्शाल्ला." आणि चहा मागवला.

फोरमन बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "बगितलं ना, ताई?" तो मला म्हणाला. "मी बोललो नवतो?"

दोन दिवसांनी बाजारात पोलिसांनी कागदपत्रं तपासली. बटाट्याच्या ट्रकवर उभ्या असलेल्या फोरमनचं कार्ड बघितलं, नंबर टाकला, आणि त्याला खाली उतरवून ताब्यात घेतलं. मालकाने त्याच्यावर पळून गेल्याची तक्रार नोंदवली होती. कामगार कामावरून फरार झाला की त्याचा सगळा हक्क जातो, ती अठरा वर्षांची रक्कमसुद्धा. ड्रायव्हरने सांगितलं, फोरमन त्यांना ट्रक दाखवत होता, ट्रकवरचं कंपनीचं नाव दाखवत होता, आणि शेठला फोन लावत होता. शेठ फोन उचलत नव्हता.

ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन शेतावर आला आणि त्याने ही बातमी तिथेच, सगळ्यांसमोर दिली. मग कुणीतरी हसलं. मग दुसरा हसला. थोड्या वेळात सगळेच हसत होते, एकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि तो नेपाळी फोरमनचा तो पाइपचा तुकडा उचलून त्याची नक्कल करत सगळ्यांमधून फिरला. जल्दी, जल्दी. त्या हंगामात मी त्यांना हसताना तेव्हाच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शेठला विचारलं. त्याने काही लपवलं नाही. "मॅडम, अठरा साल का पैसा है. आलू ने तो दिया नहीं, मैं कहाँ से दूँ?"

घरी नवरा म्हणाला, "तू यात पडू नकोस. माझा अर्धाच पगार येतोय." मी त्याला म्हटलं, "तो माणूस माझ्यासमोर रोज कामावर होता." सकाळी त्यानेच गाडी काढली आणि मला कामगारांच्या तक्रारींच्या कार्यालयात नेऊन सोडलं. मी जबाब दिला की फोरमन रोज कामावर हजर होता, शेठच्या सांगण्यावरून माल विकत होता. समोरच्या अधिकाऱ्याने सगळं सभ्यपणे लिहून घेतलं. शेठने वकील पाठवला. वकील म्हणाला, बाईंना नोकरीवरून काढलंय, त्या रागात बोलताहेत. मला काढलेलं नव्हतं. पण दुपारी ऑफिसला गेले तेव्हा माझ्या टेबलावर पत्र होतं, आणि त्यावर आदल्या दिवसाची तारीख होती. मला कुणी चहासुद्धा विचारला नाही.

तडजोड झाली. शेठने फरार असल्याची तक्रार मागे घेतली आणि फोरमनने पैशांवरचा हक्क सोडला. तिकीट मिळालं. कोठडीत बसून लढत राहण्यापेक्षा त्याला ते बरं वाटलं, आणि मी त्याला नको म्हणू शकले नाही. माळ्यांपैकी पुष्कळ जण त्या उन्हाळ्यात असेच गेले, थकलेला सगळा पगार मिळाला अशा कागदावर सही करून पासपोर्ट घेतला आणि गेले. मला चार महिन्यांनी अजमानकडे एका नर्सरीत काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगारावर. शेठने पुढच्या हंगामात त्याच शेतात कांदा लावला, असं अकाउंटंटने सांगितलं. त्यात त्याला पैसा मिळाला.

दुसऱ्या वर्षी सुट्टीत आम्ही कोकणात गेलो तेव्हा मी नवऱ्याला श्रीवर्धनला गाडी घ्यायला लावली. फोरमनचं घर शोधायला वेळ लागला नाही. पुढच्या पडवीत एक कॉट होती आणि त्यावर तो बसला होता. दाढीची मेंदी गेली होती, दाढी पांढरीफटक. मला बघून तो उभा राहिला, मग आत जाऊन पाणी सांगून आला. पाणी आलं नाही.

बऱ्याच वेळाने मोठा मुलगा बाहेर आला. तिशीचा असेल. त्याने मला विचारलं, "तुम्ही अब्बांच्या ऑफिसातल्या ना? मग तुम्हीच सांगा. यांनी पैसे कुठं ठेवले?"

मी म्हटलं, "त्यांना मिळालेच नाहीत."

"अठरा वर्षं," तो म्हणाला. "आमी लहान होतो तेव्हापासून ऐकतोय, आला का दोन गाले, आला का दोन गाले. अठरा वर्षांचं काय मिलत नाय असं कुठं होतं? तिकडं दुसरी बायको असनार. सगला गाव बोलतो."

मी त्याला सगळं सांगितलं, बाजार, तपासणी, तक्रार, माझा जबाब. तो ऐकत होता, पण मध्येच त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग माझ्या नवऱ्याकडे. मला कळलं त्याच्या मनात काय आलं ते. नवऱ्यालाही कळलं. तो म्हणाला, "चल, निघू या."

फोरमन आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आला. मी विचारलं, "तुम्ही त्यांना समजावत का नाही?"

"समजावलं," तो म्हणाला. "मारून बी बगितलं धाकट्याला. आता तो मना मारतो."

त्याने गाडीचं दार लावून घेतलं आणि खिडकीतून आत बघत, जरा आवाज खाली करून, मला विचारलं, शेठचा फोन नंबर तोच आहे का. ईदला त्याने लावला होता, पण लागला नव्हता.